शेवटचा कोस

प्रवासाची हकिगत सांगताना माणसे नेहमी लांबच्या टप्प्याविषयी बोलतात. किती तास लागले, गाडीत बसावयास जागा मिळाली की नाही, विमान ढगांतून कसे गेले, हे सारे मोठ्या हौसेने सांगून होते. परंतु मुक्कामाचे ठिकाण हाकेच्या अंतरावर आल्यावर जो एक शेवटचा कोस उरतो, त्याच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक, पुष्कळदा माणसाची खरी परवड त्याच कोसात होते. दोनशे मैल सुखाने आलेला म्हातारा एस. टी. स्टँडपासून लेकीच्या घरापर्यंत जाताना चुकतो. मोठ्या प्रवासाची काळजी वेळापत्रक घेते, तिकीट घेते. शेवटच्या कोसाची काळजी घेणारा एखादा माणूसच भेटावा लागतो.

दिवाळीचे दिवस आहेत. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी दुरून आलेले असेल. पुण्याला नोकरी करणारा मुलगा असेल, आखातातून रजेवर आलेला भाचा असेल. फराळाच्या ताटावर त्यांना एक प्रश्न विचारून पाहावा: बाबांनो, सगळ्या वाटेत अवघड वाट कोणती होती? दहांतले सात जण विमानतळाबाहेर किंवा स्टेशनाबाहेर पडल्यानंतरच्या वाटेचे नाव घेतील, असा माझा अदमास आहे.

याचे कारण उघड आहे. या कोसात दोन माणसे समोरासमोर येतात. एकाला वाट ठाऊक असते, दुसऱ्याला नसते. आणि ती दोघे पुन्हा कधी भेटण्याचा संभव नसतो. अशा वेळी वाट ठाऊक असलेल्याने दुसऱ्याशी कसे वागावे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. माझ्या मते नीतिशास्त्राचा पुष्कळसा भाग या एका प्रश्नात येऊन जातो.

उदाहरण म्हणून मुंबईचा विमानतळ घेऊ. आमच्या शिरूर अनंतपाळला रेल्वे नाही. मुंबईस जावयाचे तर लातूरला जाऊन रात्रीची गाडी धरावी, नाही तर एस. टी.ने हाडे खिळखिळी करून घ्यावीत. विमान ही वस्तू आम्ही कालपरवापर्यंत मान वर करूनच पाहत आलो. परंतु आता मुले शहरांत मिळवती झाली आहेत आणि म्हाताऱ्या आईबापांना हौसेने विमानाचे तिकीट काढून देतात. त्यामुळे जन्मभर बैलगाडीच्या चाकोरीतून गेलेली माणसे एकाएकी मुंबईच्या विमानतळावर उतरू लागली आहेत.

मुंबईस विमान यावयास लागून फार वर्षे झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर विमान उतरवले, तेव्हा त्यात टपालाच्या थैल्या होत्या. मला त्या थैल्यांचा हेवा वाटतो. पत्राच्या अंगावर पत्ता लिहिलेला असतो. विमानातून उतरले की ते टपालवाल्यांच्या हातोहात थेट दारापर्यंत जाते. माणसाच्या कपाळावर पत्ता नसतो. त्याला तो चिठ्ठीवरून वाचून दाखवावा लागतो आणि समोरचा माणूस त्या चिठ्ठीचे काय करील, याची वाट पाहावी लागते.

आता यात एक मौजेची गोष्ट अशी की, या विमानतळावरून लांब जाणे सोपे आणि जवळ जाणे कठीण. 12 फेब्रुवारी 2014 रोजी दोन क्रमांकाची नवी इमारत प्रवाशांसाठी खुली झाली, त्याच दिवशी तिथून पश्चिम द्रुतगती मार्गापर्यंत जाणारा उन्नत रस्ताही सुरू झाला. ज्याला दक्षिणेकडे दूर जावयाचे त्याची सोय झाली. पण ज्याला मरोळला, सहार गावाला किंवा अंधेरीच्या पूर्व भागात जावयाचे आहे, त्याला भाड्याच्या गाड्यांच्या रांगेकडे भीतभीतच जावे लागे. या गाडीवाल्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. विमानतळावरच्या रांगेत तासन् तास गाडी उभी करावी, आपली पाळी यावी, आणि गिऱ्हाईक म्हणावे, "मरोळ!" तर त्याच्या पोटात गोळा येणारच. तेवढ्या वेळेत मिळाले काय, तर दोन-तीन किलोमीटरांचे भाडे. आणि पुन्हा रांगेच्या शेपटाशी उभे राहणे. म्हणून कोणी येण्याचे नाकारतो, कोणी भाडे चढवून सांगतो, आणि एखादा जवळची वाट लांब करतो.

आमच्या गावातील एक वयोवृद्ध शेतकरी आहेत. सारे त्यांना आबा म्हणतात. त्यांची लेक हैदराबादेस असते आणि धाकटा मुलगा मरोळला एका कारखान्यात आहे. 2023 च्या नोव्हेंबरात सोयाबीन निघाल्यावर आबा लेकीकडे गेले आणि तिथून मुलाने त्यांना विमानाने मुंबईस बोलावून घेतले. मुलाची पाळी असल्यामुळे त्याला विमानतळावर येता येईना. "गाडी करून या, जवळच आहे," एवढे त्याने फोनवर सांगितले होते. बाहेर आल्यावर एका माणसाने आबांची पिशवी हातात घेतली, सातशे रुपये सांगितले आणि गाडीत बसवले. मुलाचे घर तेथून तीन किलोमीटरांवर असेल. गाडी पाऊण तास चालली.

परत आल्यावर आबा मला म्हणाले, "गुरुजी, निघालो तवा ऊन उजव्या गालावर होतं. मंग डाव्या गालावर आलं. मंग पुन्ना उजव्या. वखर हाकताना होतं बगा, तसं. तवाच वळखलं, ह्यो गडी तासाला तास लावून राहिलाय."

मी विचारले, "मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर त्येला आणिक एक खोटं बोलाया लागलं असतं."

सातशे रुपये म्हणजे त्या वर्षीच्या हमीभावाने पंधरा किलो सोयाबीन. ते गेले याचे आबांना वाईट वाटले नाही असे नव्हे. हा हिशेब त्यांनीच मला करून दाखवला. परंतु त्या माणसाला आणखी खोटे बोलावयास लावणे त्यांच्या जिवावर आले. हे उत्तर ऐकून मी काही वेळ गप्प राहिलो. आमच्या धर्मग्रंथांतून क्षमेची जी थोरवी गायिली आहे ती या उत्तरात होती. पण शिक्षकाच्या पेशामुळे असेल, मला ते पुरते पटले नाही. आबांच्या क्षमेचा भार कोणी सोसावयाचा? आबा तर घरी पोहोचले; परंतु त्या गाडीवाल्याच्या गाडीत त्यांच्यानंतर जो कोणी बसला असेल, त्याची फसवणूक आबांच्या क्षमेने सोपी करून ठेवली. आपले स्वतःचे नुकसान क्षमा करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पुढच्या वाटसरूचे नुकसान क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे मी आबांना बोलून दाखवले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुमचं बराबर हाय. पर गुरुजी, मला वाटच ठावं नव्हती, तिथं तक्रार कुठं करायची ते कुठनं ठावं असणार?"

या एका वाक्याने माझा सगळा युक्तिवाद उलटा फिरला. ज्याला वाट ठाऊक नाही त्याला न्यायाची वाटही ठाऊक नसते. मग परक्या माणसाच्या न्यायाची जबाबदारी परक्यावर टाकून कसे चालेल? ती वाट ठाऊक असलेल्यांवरच येते. त्या दिवशी पिशवी ओढली जाताना पाहणारे रांगेतले दुसरे गाडीवाले होते, आपापले सामान घेऊन चाललेले मुंबईकर होते. मरोळला सातशे रुपये पडत नाहीत हे त्यांच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असणार. त्यांतल्या एकाने "काका, थांबा," एवढे दोन शब्द उच्चारले असते तर काम झाले असते.

वाट ठाऊक असणे ही एक प्रकारची श्रीमंती आहे, आणि आपण ती श्रीमंती मानीत नाही ही खरी अडचण आहे. पैसेवाल्याने गरिबाला लुबाडले तर आपण त्याला नावे ठेवतो; वाट ठाऊक असलेल्याने अजाणाला फिरवले तर आपण हसतो आणि "गावंढळ आहे, फसायचाच" म्हणून सोडून देतो. पण ही श्रीमंती कोणी कष्टाने कमावलेली असते असे थोडेच आहे? आपण मुंबईत राहिलो म्हणून आपल्याला मुंबई ठाऊक. तोच मुंबईकर उद्या आमच्या घरणी नदीच्या काठी पावसाळ्यात आला, तर पाणी कोठून ओलांडावे हे त्याला आमचा गुराखी पोरगा सांगील.

प्लेटोने आपल्या एका संवादात एका अंगठीची गोष्ट दिली आहे. गायगीज नावाच्या मेंढपाळाला अशी अंगठी सापडली की ती बोटात फिरवली म्हणजे तो अदृश्य होई. मग त्याने काय करावे? राणीला फितवले, राजाला मारले आणि राज्य घेतले. प्रश्न असा की, कोणी पाहतच नसेल तर माणूस न्यायाने वागेल काय? शाळेत ही गोष्ट सांगितली म्हणजे मुलांना ती अरबी कथांसारखी वाटते. परंतु तशी अंगठी आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहे. अनोळखी माणसासमोर उभे राहिले की आपण अदृश्यच असतो. त्याला आपले नाव ठाऊक नसते, आपला बाप कोण हे ठाऊक नसते. गावात लबाडी केली तर ती दुसऱ्या दिवशी पारावर पोहोचते. विमानतळाबाहेर केलेली लबाडी धुरात विरून जाते. म्हणून ओळखीच्या माणसाशी दाखवलेला प्रामाणिकपणा हा पुष्कळदा अब्रूचा सौदा असतो. खरा प्रामाणिकपणा किती आहे ते परक्याशी वागतानाच कळते.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1785 साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जवळजवळ आपलाच प्रश्न घेतला आहे. एक दुकानदार आहे. अजाण गिऱ्हाइकालाही तो जास्त भाव लावीत नाही. लहान पोर आले तरी त्याला त्याच दराने माल मिळतो. हा दुकानदार नीतिमान म्हणावयाचा काय? कांट म्हणतो, थांबा. धंदा टिकावा म्हणून तो असे करीत असेल, तर कृत्य योग्य आहे पण त्याला नैतिक मोल नाही. कांट आपल्या कोनिग्सबर्गपासून कधी फार दूर गेला नाही. अनोळखी गावात चिठ्ठी हातात घेऊन उभे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर फारसा आला नसावा, म्हणून त्याने दुकानदाराच्या मनाकडे पाहिले. मी मात्र त्या लहान पोराच्या बाजूने पाहतो. त्या पोराला दुकानदाराच्या हेतूशी काय करावयाचे आहे? भाव एकच आहे, एवढे त्याला पुरे आहे.

आणि म्हणूनच मला मीटरचे मोठे कौतुक वाटते. 1891 साली ब्रून नावाच्या जर्मन माणसाने भाड्याच्या गाडीसाठी अंतर मोजणारे यंत्र काढले, असे इतिहास सांगतो. पण त्यामागचा विचार त्याहून कितीतरी जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात नदी ओलांडण्याचे दर ठरवून दिले आहेत. आणि बालक, वृद्ध, रोगी, गर्भिणी यांना उतराई माफ केली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नदीकाठी नावाड्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या कोणा म्हातारीची दखल घेऊनच ते सूत्र लिहिले गेले असले पाहिजे.

काही मंडळी म्हणतात की, यंत्राने आणि नियमाने माणुसकी मारली. पूर्वी माणूस माणसावर विश्वास ठेवीत असे, आता आकड्यावर ठेवतो. हे ऐकावयास गोड लागते. पण पूर्वीच्या त्या विश्वासाचे स्वरूप आम्हा खेड्यातल्या लोकांना ठाऊक आहे. गावात वाट विचारली की, "कुणाकडं आलाव, पाव्हणं?" हा पहिला प्रश्न येई. त्याचे उत्तर सोयीचे निघाले तर वाट मिळे, पाणी मिळे, भाकरीही मिळे. आणि उत्तर गैरसोयीचे निघाले तर तहानलेल्या माणसाला वरून ओंजळीत पाणी घालीत किंवा पुढची विहीर दाखवीत. मीटर तुमची जात विचारीत नाही. सध्या मुंबईच्या रिक्षात पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये पडतात. ते पाटलाला तेवढेच आणि वेटाळातल्या मजुराला तेवढेच. परक्या माणसाला दुसऱ्याच्या चांगुलपणाची भीक मागावी लागू नये, म्हणून समाजाने एकदाच विचार करून ठेवलेला चांगुलपणा म्हणजे नियम. त्याला निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल.

असाच एक मोठा नियम मुंबईत आता जमिनीखालून धावू लागला आहे. 2014 च्या जूनमध्ये वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मेट्रो सुरू झाली, तेव्हा तिच्या एका स्थानकाला विमानतळ मार्ग असे नाव मिळाले. मात्र तेथे उतरून विमानतळ शोधू लागणाऱ्याला बरेच चालावे लागे. पुढे 2024 च्या ऑक्टोबरात आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि 2025 च्या ऑक्टोबरात ती थेट कफ परेडपर्यंत गेली. या मार्गावर विमानतळाच्या दोन्ही इमारतींसाठी स्थानके आहेत. दुसऱ्या इमारतीपासून मरोळ नाका हे एकच स्थानक दूर; भाडे दहा रुपये. आबांची पंधरा किलो सोयाबीन ज्या वाटेवर गेली ती वाट दहा रुपयांत आली. त्या गाडीला रांगेत ताटकळावे लागत नाही, म्हणून जवळच्या प्रवाशाचा तिला राग नाही.

2025 च्या जानेवारीत आबा पुन्हा मुंबईस गेले, ते या मेट्रोने. सरकत्या जिन्यावर पांडुरंगाचे नाव घेऊन पाय ठेवला, असे ते सांगतात. मरोळ नाक्याला वर आले आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. यंत्राने आणून सोडले होते नाक्यावर. घर होते आत, गल्लीबोळांत. आबांनी एका रिक्षावाल्याला चिठ्ठी दाखवली. त्याने ती वाचली, आबांकडे पाहिले आणि मोडक्या मराठीत सांगितले की, रिक्षा करू नका. समोरची गल्ली, पुढे पाण्याची टाकी, टाकीच्या डाव्या हाताला तुमची चाळ. पाच मिनिटे चाला. आबा निघाले, तर मागून हाक मारून त्याने पुन्हा बजावले, "डावा हात, काका, डावा!"

हा माणूस परप्रांतातला होता. कधीतरी तोही मुंबईच्या एखाद्या स्टेशनाबाहेर चिठ्ठी हातात घेऊन उभा राहिला असेल. त्याने भाडे सोडले, ते मीटरच्या धाकाने सोडले म्हणावे, तर मीटर अजून पडलेच नव्हते. आबांना बसवून त्या पाच मिनिटांच्या वाटेचे तेव्हाचे 23 रुपये कायदेशीरपणे घेता आले असते. कोणत्याही नियमाने त्याला दोष दिला नसता. येथे कांटलाही शंका काढावयास जागा नव्हती.

अशी माणसे आमच्या भागाने एकदा मोठ्या संख्येने पाहिली आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे नुकती झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्यानंतरच्या दिवसांत कुठून कुठून गाड्या येत. कोणाला किल्लारीला जावयाचे असे, कोणाला सास्तूरला. मोठी माणसे फाट्यावर कंदील घेऊन रात्रभर आळीपाळीने उभी राहत आणि येणाऱ्या गाडीला वाट सांगत. कोणाची कोण, कुठली, हे कोणी विचारीत नव्हते. चुकीच्या वळणाने गेलेली एक गाडी म्हणजे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या कोणाचा तरी जीव, हे अडाणी माणसालाही समजत होते. वाट सांगणे हे किती मोठे काम आहे, ते मी कोणत्याही पुस्तकाच्या आधी त्या फाट्यावर शिकलो.

आपल्या तैत्तिरीय उपनिषदात अतिथीला देव मानण्याचा उपदेश आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तो उपदेश कोणाला केला आहे, हे मात्र आपण विसरतो. विद्या पुरी करून गुरुगृह सोडून निघालेल्या शिष्याला तो केला आहे. म्हणजे जो स्वतः आता वाटेला लागणार आहे त्याला. आज तू यजमान आहेस, उद्या तूच वाटसरू असशील, ही जाणीव त्यात असावी असे मला वाटते. आणि ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, हा अर्थ घेतला तर आपल्या पाहुणचारात एक मोठी उणीव दिसते. दिवाळीत आपण ज्यांना लाडू-चिवडा देतो ते सारे तिथी कळवून आलेले असतात. तिथी न कळवता आलेला माणूस स्टँडवर, नाक्यावर, विमानतळाच्या दाराशी उभा असतो. त्याला आपले लाडू नको असतात. त्याला एक खरा भाव आणि एक खरे वळण सांगितले म्हणजे त्याची दिवाळी होते.

तेव्हा नियम मोठा की चांगुलपणा, असा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. नियम असावा, तो कडक असावा आणि तो मोडणाऱ्याविरुद्ध वाट ठाऊक असलेल्यांनी आवाज उठवावा. कारण ज्याची फसवणूक होते त्याला तो उठवता येत नाही. परंतु कितीही मेट्रो झाल्या तरी त्या कोणाच्या उंबऱ्यापर्यंत जाणार नाहीत. नाक्यापासून दारापर्यंतचे पाऊलभर अंतर नेहमी उरणारच, आणि ते कोणा माणसाच्या तोंडी सोपवलेले असणार. आमच्या शाळेत मी मुलांना दिशा शिकवतो, तेव्हा हल्ली एक जास्तीचा धडा घेतो. एका मुलाने परका व्हावयाचे, दुसऱ्याने त्याला गावातल्या एखाद्या घराची वाट सांगावयाची, आणि तिसऱ्याने ती वाट ऐकून खरोखर तेथे पोहोचावयाचे. बहुतेक मुले पहिल्या खेपेस चुकीची वाट सांगतात. लबाडीने नव्हे, ऐकणाऱ्याला आपल्याइतके ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही म्हणून. दुसऱ्या खेपेस ती सांगताना थांबतात, समोरच्याच्या तोंडाकडे पाहतात आणि विचारतात, "तुला मारुतीचं देऊळ माहीत आहे का?" एवढे विचारावयास शिकली, म्हणजे माझा त्या दिवसाचा धडा पुरा होतो.